माशाचे वय आणि मरणाचा हिशेब

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मेनपासून नॉर्थ कॅरोलिनापर्यंत, पट्टेरी बास हा मासा फार पूर्वीपासून लोकांच्या परिचयाचा आहे. रुपेरी अंगावर डोक्याकडून शेपटीकडे गेलेल्या सात-आठ काळसर रेषांमुळे तो सहज ओळखू येतो. आपल्याकडील पाला मासा पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी समुद्र सोडून नदीत चढतो. पट्टेरी बास हेच वसंत ऋतूत करतो. अंड्यांतून बाहेर पडलेली पिले खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतात आणि काही वर्षांनी त्यांपैकी पुष्कळशी, विशेषतः माद्या, समुद्राची वाट धरतात. मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांत खोलवर शिरलेला चेसापीक उपसागर हे या माशाचे सर्वांत मोठे माहेरघर होय.

या माशाच्या संरक्षणाचा इतिहासही तितकाच जुना आहे. १६३९ साली मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या सभेने कॉड आणि पट्टेरी बास हे मासे शेतात खत म्हणून घालण्यास मनाई केली. ज्या काळी मासे मोजण्याचे कोणतेही साधन नव्हते, त्या काळी असा नियम करावासा वाटला, यावरून त्या वेळच्या विपुलतेची कल्पना येते आणि नासाडीचीही.

आज या माशावर उपजीविका करणारे व्यावसायिक मच्छीमार थोडे आहेत. गळ, दोरी आणि चाकाची काठी घेऊन सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर किंवा छोट्या होडीत जाणारे हौशी लोक मात्र लाखोंनी आहेत. कोकणात ज्याला गरवणे म्हणतात, तोच हा उद्योग. फरक इतकाच की येथे तो बहुतांशी विरंगुळ्यासाठी केला जातो. मनुष्याच्या हातून दरवर्षी जे पट्टेरी बास मरतात, त्यांतील सुमारे नऊ-दशांश मासे अलीकडच्या वर्षांत या हौशी मंडळींच्या वाट्याला जातात. त्यामुळे या माशाच्या जमाखर्चाचा हिशेब मांडणे हे काम एखाद्या मोठ्या बंदरावरील लिलावाच्या नोंदी पाहण्याइतके सोपे राहिलेले नाही.

हा हिशेब मांडण्याची निकड १९७० नंतरच्या दशकात भासू लागली. १९७३ साली या किनाऱ्यावर व्यावसायिक मच्छीमारांनी सुमारे ६,७०० टन पट्टेरी बास पकडला होता. १९८३ साली हा आकडा सुमारे १,६०० टनांवर आला. चेसापीकमध्ये पिलांची दरवर्षी जी मोजणी होत असे, तीत तर वर्षामागून वर्षे निराशाच पदरी पडत होती. याची दोन कारणे संभवत होती. एक म्हणजे, पाण्यातील आम्लता, रसायने किंवा अन्य दोषांमुळे पिले जन्मतःच मरत असावीत. दुसरे म्हणजे, मोठे मासे इतक्या झपाट्याने पकडले जात असावेत की अंडी घालण्यापुरत्या माद्याच शिल्लक राहत नसाव्यात. पहिले कारण खरे असेल तर मासेमारी थांबवून फारसा लाभ नव्हता. दुसरे खरे असेल तर ती थांबवल्यावाचून गत्यंतर नव्हते. यांपैकी निवड करावयाची तर दरवर्षी शंभरांतले किती मासे मरतात आणि कशाने मरतात, हे कळणे आवश्यक होते. आणि ते कळण्यासाठी प्रथम प्रत्येक माशाचे वय कळावयास हवे होते.

माशाचे वय ओळखण्याची सर्वांत साधी रीत डेन्मार्कचे संशोधक पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडली. एखाद्या जागी सापडलेले सर्व मासे लांबीनुसार लावले तर ते सलग पसरलेले दिसत नाहीत; काही लांब्यांशी त्यांची गर्दी होते, मध्ये विरळ जागा राहते आणि पुढे पुन्हा गर्दी होते. जे मासे वर्षातून एकदाच, ठरावीक ऋतूत वितात, त्यांच्या बाबतीत प्रत्येक गर्दी म्हणजे एकेका सालची पिढी. परंतु ही रीत कोवळ्या वयापुरतीच उपयोगी पडते. पुढे वाढ मंदावते, मोठे धाकटे एकमेकांत मिसळतात आणि पाच व सात वर्षांचे मासे लांबीवरून वेगळे काढणे अशक्य होते.

दुसरी रीत खवल्यांची. खवला माशाबरोबर वाढतो आणि त्याच्या कडेने सूक्ष्म कड्या पडत जातात. उन्हाळ्यात वाढ जोमाने होते तेव्हा कड्या दूर दूर पडतात, हिवाळ्यात त्या दाटीने पडतात. दाटीचा एकेक पट्टा म्हणजे एकेक हिवाळा. पट्टेरी बासचे वय या पद्धतीने पाहण्याचे मोठे काम डॅनियल मेरिमन यांनी केले. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसून आले की त्या वेळी किनाऱ्यावर आढळणाऱ्या माशांत १९३४ साली जन्मलेल्यांचा भरणा फार मोठा होता. म्हणजे या माशाच्या सर्व पिढ्या सारख्या नसतात. अनेक वर्षे जेमतेम जातात आणि मग एखादे वर्ष असे येते की त्या एका सालच्या पिलांवर सारा किनारा पुढे कित्येक वर्षे पोसला जातो. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवली पाहिजे.

खवल्याचा मोठा गुण असा की त्यासाठी मासा मारावा लागत नाही. बोटाच्या नखाने चार खवले काढून घ्यावेत आणि मासा पाण्यात सोडून द्यावा. पण त्याचा दोषही मोठा आहे. मासा म्हातारा झाला की त्याची लांबी वाढणे जवळजवळ थांबते. मग खवल्याच्या कडेला नव्या कड्यांना जागाच उरत नाही आणि त्या एकमेकींवर दाटतात. उपासमारीच्या काळात खवल्याची कड झिजते आणि तिच्याबरोबर तेवढ्या काळाची नोंदही पुसली जाते. शिवाय एखादा खवला गळून त्या जागी नवा आला असेल, तर त्यावर पूर्वायुष्याचा मागमूसही नसतो.

म्हणून संशोधक माशाच्या कानाकडे वळले. माशाला बाहेरून दिसणारा कान नसला तरी त्याच्या कवटीत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना, तोल आणि ध्वनी जाणणारी पोकळी असते आणि तीत चुनखडीचे तीन-तीन लहान खडे असतात. यांना कर्णाश्म म्हणतात. घोळ किंवा ढोमा खाताना डोक्यातून निघणारे पांढरे कठीण खडे पुष्कळांनी पाहिले असतील. ते हेच होत. कर्णाश्मावर जन्मापासून थरावर थर चढत जातात, आणि महत्त्वाची गोष्ट अशी की एकदा चढलेला थर शरीर परत शोषून घेत नाही. माशाची लांबी वाढण्याची थांबली तरी खडा जाड होतच राहतो. हाडे, खवले आणि मांस ही सर्व शरीराच्या देण्याघेण्यात सामील असतात. कर्णाश्म मात्र या व्यवहारापासून अलिप्त राहून आपली वही चालू ठेवतो.

ही वही वाचण्याचे काम अत्यंत संथपणे चालते. खडा राळेच्या वडीत बसवतात, हिऱ्याची धार असलेल्या बारीक करवतीने त्याच्या गाभ्यातून आडवा पातळ काप घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकाआड एक पडलेले अपारदर्शक व अर्धपारदर्शक पट्टे मोजतात. दोन वाचकांनी, एकमेकांचे उत्तर आणि माशाची लांबी न पाहता, स्वतंत्रपणे मोजावे असा दंडक आहे. लांबी कळली की वाचकाचे डोळे नकळत अपेक्षित आकडा शोधू लागतात.

तरीही एक मूलभूत शंका उरतेच. वर्षाला एकच पट्टा पडतो हे कशावरून? त्याचे उत्तर ज्याचे खरे वय आधीच ठाऊक आहे असा मासाच देऊ शकतो. सुदैवाने चेसापीकमध्ये अशी संधी उपलब्ध होती. मत्स्यबीज केंद्रांत वाढवलेली पिले शरीरात सूक्ष्म धातूची खूण घालून सोडण्यात आली होती, आणि त्यांपैकी काही मासे पुढे पुन्हा हाती लागले. डेव्हिड सेकॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा माशांच्या कर्णाश्मांवरील वलये त्यांच्या खऱ्या वयाशी जुळली. याच अभ्यासात वृद्ध माशांचे खवले आणि कर्णाश्म शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा साधारण बारा वर्षांच्या पुढे खवले वय कमी सांगतात असे आढळून आले. कर्णाश्मावरून सर्वांत वृद्ध ठरलेला मासा ३१ वर्षांचा होता.

येथे थोडे विषयांतर करून उष्ण कटिबंधातील अडचण सांगणे योग्य होईल. पट्टेरी बासला कडाक्याचा हिवाळा भोगावा लागतो आणि म्हणून त्याच्या अंगावर वर्षाची स्पष्ट खूण उमटते. भारताच्या किनाऱ्यावरील बांगडा किंवा तारली यांना असा हिवाळा लाभत नाही. त्यांच्या कर्णाश्मांवरील वार्षिक वलये बहुधा अस्पष्ट असतात. त्यामुळे आपल्याकडील संशोधकांना दीर्घकाळ लांबीच्या गर्दीची पीटरसन यांची रीत आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या यांवरच मुख्यतः भिस्त ठेवावी लागली. पॅनेला यांनी १९७१ साली कर्णाश्मावर दररोज एक याप्रमाणे पडणारी अतिसूक्ष्म वलये दाखवून दिली, तेव्हा अल्पायुषी माशांच्या अभ्यासासाठी एक नवी वाट खुली झाली.

वय कळल्यावर वाढीचा आलेख काढता येतो. प्रत्येक वयाच्या माशांची सरासरी लांबी मांडत गेले की प्रथम उभी चढणारी आणि मग हळूहळू आडवी होत जाणारी रेषा मिळते. बर्टालान्फी या जीवशास्त्रज्ञाने १९३८ साली या रेषेला जे गणिती रूप दिले, ते आजही जगभर वापरले जाते. पट्टेरी बास सात-आठ वर्षांचा होईतो साधारण ७० सेंटिमीटरांच्या आसपास पोहोचतो. त्यानंतर त्याची गती मंद होते. नर धाकटेच राहतात. चौदा-पंधरा किलोंवरचा मासा बहुधा मादीच असतो. सहा वर्षांची मादी सुमारे पाच लाख अंडी घालते, तर पंधरा वर्षांची तीस लाखांच्या घरात.

हे सर्व सरळ वाटते. पण यात एक सापळा दडलेला आहे, आणि हौशी मासेमारीत तो विशेष जाचक ठरतो. इंग्लंडमधील लोस्टॉफ्टच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रोझा ली यांनी तो १९१२ साली दाखवून दिला. खवल्यावरील प्रत्येक हिवाळ्याची खूण गाभ्यापासून किती दूर आहे हे मोजून त्या माशाची त्या त्या वयातील लांबी मागे जाऊन काढता येते. अशी गणना केली असता एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. म्हातारे मासे त्यांच्या बालपणी आजच्या बालकांपेक्षा आखूड होते असे उत्तर पुनःपुन्हा येऊ लागले. याचे एक कारण असे की जाळे आधी मोठ्यांना धरते. एका वयाच्या माशांत जे भराभर वाढतात, ते लवकर पकडले जातात. जे सावकाश वाढतात, तेच जगून म्हातारे होतात. आता ७० सेंटिमीटरांहून लहान मासा ठेवू नये असा नियम असलेल्या किनाऱ्यावर हौशी लोकांनी घरी नेलेले मासे मोजण्यास घेतले, तर त्यांत सापडणारा पाच वर्षांचा मासा हा आपल्या वयाच्या माशांचा प्रतिनिधी नसतो. तो पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी असतो. त्याच्यावरून वाढ ठरवली तर सारा वर्गच हुशार वाटू लागतो. म्हणून हौशी लोकांच्या माशांखेरीज नियमांचे बंधन नसलेल्या संशोधन-जाळ्यांतले मासेही तितक्याच काळजीने मोजावे लागतात.

आता मृत्यूकडे वळू. एका सालची पिढी दरवर्षी किती घटते हे पाहणे तत्त्वतः सोपे आहे. आठ वर्षांचे किती, नऊ वर्षांचे किती, दहा वर्षांचे किती, असे मोजत गेले की घसरणारी एक पायरी-पायरीची रेषा मिळते आणि तिचा उतार हेच एकूण मृत्युमान. उतार तीव्र असेल तर मरणे अधिक. मात्र एकाच वर्षी पकडलेल्या निरनिराळ्या वयांच्या माशांवरून हा उतार काढणे धोक्याचे आहे, कारण मेरिमन यांनी पाहिल्याप्रमाणे पिढ्या सारख्या जन्मत नाहीत. मध्येच १९३४ सारखी भरघोस पिढी आली की रेषेला कुबड येते. त्यामुळे एकच पिढी हाती धरून तिचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणे अधिक विश्वासार्ह असते.

एकूण मृत्युमान मिळाले तरी खरा वाद तेथून पुढेच सुरू होतो. मेलेल्या माशांपैकी रोगाने, भुकेने आणि मोठ्या माशांच्या तोंडी किती गेले, आणि मनुष्याच्या हाती किती? पहिल्याला नैसर्गिक मृत्युमान म्हणतात, दुसऱ्याला मासेमारीमुळे होणारे मृत्युमान. कायदा फक्त दुसऱ्यालाच लगाम घालू शकतो. या दोहोंची वजाबाकी किती निर्णायक असते हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका पिढीचे एक हजार मासे आहेत आणि केवळ नैसर्गिक कारणांनी त्यांतील शेकडा १४ दरवर्षी मरतात. दहा वर्षांनी सुमारे २२३ मासे उरतील. आता त्यांवर मासेमारीचा असा भार पडला की एकटी मासेमारीच वर्षाला शेकडा २६ मासे मारू शकेल. १४ आणि २६ मिळून ४० होत नाहीत, कारण जो मासा रोगाने मेला तो पुन्हा गळाला लागून मरू शकत नाही. दोन्ही कारणे एकमेकांच्या वाट्यातले मासे खातात आणि एकूण घट शेकडा ३६ भरते. तरीही दहा वर्षांनी हजारांतले ११ मासेच शिल्लक राहतील. तीस लाख अंडी घालणाऱ्या पंधरा वर्षांच्या मादीपर्यंत तर क्वचितच कोणी पोहोचेल.

नैसर्गिक मृत्युमान स्वतंत्रपणे मोजावयाचे तर मासेमारी बंद पडावयास हवी. इतिहासात असे एकदा मोठ्या प्रमाणावर घडले. दुसऱ्या महायुद्धात उत्तर समुद्रातील ट्रॉलर जवळजवळ थांबले आणि तेथील प्लेस नावाच्या चपट्या माशाला सहा वर्षांची विश्रांती मिळाली. बेव्हर्टन आणि होल्ट यांनी युद्धापूर्वीच्या व युद्धानंतरच्या वयोगटांची तुलना करून त्या माशाचे नैसर्गिक मृत्युमान काढले आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ते मांडले. मत्स्यविज्ञानाचा पाया समजल्या जाणाऱ्या या ग्रंथातील हे एक महत्त्वाचे प्रमाण युद्धाने पुरवले.

दरवेळी अशी संधी मिळत नाही. मग आयुर्मर्यादेवरून अंदाज करतात. ज्या जातीचे प्राणी दीर्घायुषी, त्यांत दरवर्षी नैसर्गिकरीत्या मरणारे थोडे असणार, हे उघड आहे. जॉन होनिग यांनी १९८३ साली अनेक जातींची माहिती गोळा करून हा संबंध सूत्रबद्ध केला. आणि येथेच खवला की कर्णाश्म हा प्रयोगशाळेतील वाद थेट किनाऱ्यावर येऊन आदळतो. पट्टेरी बासची आयुर्मर्यादा कर्णाश्माप्रमाणे ३१ वर्षे धरली, तर या सूत्राने वार्षिक नैसर्गिक मृत्यू शेकडा साडेतेराच्या आसपास येतात. खवल्यांवर विसंबून ती २० वर्षे धरली असती, तर तेच शेकडा २० झाले असते. म्हणजे निसर्गाच्या माथी अधिक मरणे मारली जातात, आणि ‘आपण नाही पकडले तरी ते मरणारच होते’ या युक्तिवादाला आकड्यांचा आधार मिळतो. दुसऱ्या बाजूने, वृद्ध मासे वयाने कमी मोजले गेल्यामुळे रेषेचे शेपूट तुटते, तिचा उतार खरा असतो त्याहून तीव्र भासतो आणि एकूण मृत्युमानही फुगते. दोन्ही आकडे एकाच दिशेने चुकल्यामुळे त्यांची वजाबाकी वरवर बरोबर दिसू शकते, आणि अशी चूक उघडकीस येणे सर्वांत कठीण असते.

निसर्गाचा वाटाही कायम एकसारखा राहत नाही. १९९७ साली चेसापीकमधील पट्टेरी बासमध्ये एक चिवट जिवाणूजन्य रोग आढळला. त्यात प्लीहेवर गाठी येतात आणि पुढे त्वचेवर व्रण पडतात. खुणेच्या पट्ट्या लावून सोडलेले मासे हौशी लोकांनी पकडून कळवले की त्यांवरून जगण्याचे प्रमाण काढता येते. अशा नोंदींतून उपसागरातील नैसर्गिक मृत्यू वाढल्याचे दिसून आले. त्यामुळे आता गणितात सर्व वयांना एकच आकडा लावत नाहीत. कोवळ्या वयासाठी तो बराच मोठा धरतात आणि वय वाढेल तसा उतरवत नेतात.

मासेमारीच्या वाट्यातही एक अदृश्य मृत्यू आहे. हौशी मनुष्य पकडलेल्या माशांपैकी बहुतेक सोडून देतो. कधी तो नियमात बसत नाही म्हणून, कधी केवळ खेळाच्या आनंदासाठी. मासा पोहत निघून जातो आणि पकडणारा समाधानाने घरी येतो. पण त्यातले किती पुढे मरतात? मॅसॅच्युसेट्समधील एका खाऱ्या तलावात गळाने पकडून सोडलेल्या माशांवर याचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. सरासरीने शेकडा ९ मासे मेले. गळ ओठाला लागला आणि हाताळणी तत्पर असली तर हे प्रमाण शेकडा ३ पर्यंत खाली येते; गळ घशाखाली उतरला आणि अन्य परिस्थितीही प्रतिकूल असली तर ते शेकडा २६ पर्यंत चढते. नऊ टक्के हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु कोट्यवधी मासे सोडले जातात तेव्हा त्यांचे नऊ टक्के म्हणजे लाखो होतात. २०१७ सालच्या हिशेबात मनुष्यामुळे मेलेल्या पट्टेरी बासपैकी जवळजवळ निम्मे मासे हे ‘सोडून दिलेले’ होते. यामुळेच २०२१ पासून आमिष लावून मासेमारी करताना, घशात न रुतता ओठाच्या कोपऱ्यात अडकणारा गोलाकार गळच वापरण्याचे बंधन घालण्यात आले.

मूळ अडचण मात्र मोजणीची आहे. लाखो लोक, हजारो खाड्या, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत. त्यांच्या माशांची नोंद ठेवणार कोण? यासाठी घाटांवर उभे राहून परतणाऱ्यांची विचारपूस करतात, आणि लोकांना त्यांनी दोन महिन्यांत किती वेळा मासेमारी केली ते विचारतात. हे दुसरे काम पूर्वी दूरध्वनीने होत असे. २०१८ साली त्याजागी टपालाने प्रश्नावली पाठवण्याची पद्धत पूर्णपणे आली आणि जुने आकडे नव्या मापाने पुन्हा लावले गेले, तेव्हा हौशी लोकांनी घरी नेलेल्या पट्टेरी बासचा अंदाज दुपटीहून अधिक झाला. मासे तेच होते, मोजणारा कागद बदलला होता. पुढे २०२३ साली प्रश्नांच्या क्रमामुळे लोक फेऱ्या वाढवून सांगत असावेत असे एका चाचणीतून दिसून आले आणि या आकड्यांचे पुन्हा परीक्षण सुरू झाले.

इतक्या अनिश्चिततेतही निर्णय घ्यावेच लागतात. १९८० नंतरच्या संकटात असेच झाले. १९८४ साली अमेरिकेच्या संसदेने पट्टेरी बासच्या रक्षणाचा कायदा केला आणि १९८५ पासून मेरीलँडने या माशाची मासेमारी संपूर्ण बंद केली. पाण्याच्या दोषांविषयीचा वाद तोवर मिटलेला नव्हता. पण मासेमारीचे मृत्युमान अवाजवी आहे याविषयी पुरेसा पुरावा जमला होता, आणि माणसाच्या हातात लगेच बदलता येण्यासारखे तेवढेच होते. किनाऱ्यावरील राज्यांनी आपल्या योजनेचे उद्दिष्ट मोठ्या सुबोध शब्दांत सांगितले: १९८२ साली जन्मलेली पिढी आणि तिच्यानंतरच्या पिढ्या यांतील शेकडा ९५ माद्यांना निदान एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळेपर्यंत त्यांना हात लावू नये. १९८२ ची पिढी काही फार मोठी नव्हती. आधीच्या दरिद्री वर्षांच्या मानाने ती बरी, एवढेच. पण असलेल्या भांडवलात तीच बरी होती. मादी कोणत्या वयात वयात येते, त्या वयात तिची लांबी किती असते आणि तोवर किती टिकतात, या तीन प्रश्नांची उत्तरे नसती तर असे उद्दिष्ट लिहिताच आले नसते. गळ टाकणारा वय पाहू शकत नाही. तो फक्त पट्टीने लांबी मोजू शकतो. म्हणून वयाचे प्रत्येक उद्दिष्ट शेवटी लांबीच्या नियमात उतरवावे लागते. १९८९ साली पिलांची मोजणी भरघोस आली, १९९० साली मर्यादित मासेमारी पुन्हा सुरू झाली आणि १९९५ साली हा साठा सावरल्याचे जाहीर करण्यात आले.

ती सुस्थिती टिकली नाही. २०१८ च्या परीक्षणात साठा पुन्हा निर्धारित मर्यादेखाली गेल्याचे आणि मासेमारी अतिरिक्त असल्याचे निष्पन्न झाले. २०२० पासून किनाऱ्यावर ७१ ते ८९ सेंटिमीटर लांबीचाच मासा ठेवावा, त्याहून लहान किंवा मोठा सोडून द्यावा असा नियम झाला. वृद्ध माद्या वाचाव्यात हा त्याचा हेतू. पण २०१५ साली जन्मलेली एक मोठी पिढी २०२२ मध्ये सात वर्षांची झाली आणि वाढीच्या आलेखात दाखवल्याप्रमाणे ती नेमकी या दोन खुणांच्या मध्ये येऊन पोहोचली. त्या वर्षी हौशी लोकांनी घरी नेलेल्या माशांची संख्या आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाली. २०२३ च्या मे महिन्यात तातडीने वरची मर्यादा ७९ सेंटिमीटरांवर आणण्यात आली, जेणेकरून ही पिढी एक-दोन वर्षांत त्या खिडकीतून पुढे निसटावी.

तिच्यामागून येणारे फारसे कोणी नाही. मेरीलँडमधील पिलांची मोजणी २०१९ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी दीर्घकालीन सरासरीच्या पुष्कळ खाली राहिली. साठा पूर्ववत करण्यासाठी २०२९ ही मुदत ठरवण्यात आली आहे. त्या साली २०१५ ची पिढी चौदा वर्षांची असेल. खवल्यावरून ज्या वयाचा भरवसा धरता येत नाही त्या वयात ती तेव्हा गेलेली असेल, आणि तिच्यातले किती उरले हे सांगण्यासाठी पुन्हा कर्णाश्मांचे कापच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे लागतील.